बोईसरच्या हॉलातला सत्कार

सातपाटीहून मी निघाले त्या सकाळी आई मला सोडायला आली नाही. बोटी लागल्या होत्या, मासळी उतरवायची होती, आणि पोरगी पुण्याला शिकायला निघाली म्हणून पापलेटं काही थांबत नाहीत. पालघरच्या एसटी स्टँडपर्यंत बाबा आले. सुक्या बोंबलांची पिशवी त्यांनी माझ्या बॅगेत कोंबली आणि गाडी सुटेपर्यंत एकच गोष्ट घोळवत राहिले, "कुनाशी भांडू नको. पन भांडलीस तर मागं सरू नको." मनोरच्या पुढे शेजारच्या बाईने नाकाला पदर लावला. मला तिचा इतका राग आला की रडायचं राहूनच गेलं.

जे गावात राहिले आणि जे माझ्यासारखे पोटामागे पांगले, त्या दोघांनाही मी काय काम करते ते अजून नीट ठाऊक नाही. आई सगळ्यांना सांगते, "लहान पोरांचं कायतरी करते." तेही खोटं नाही. मारलेल्या, छळलेल्या, कामाला जुंपलेल्या मुलांशी कसं बोलायचं, आणि त्यांच्या बाजूने पोलिसांत, बालकल्याण समितीपुढे, कोर्टात कसं उभं राहायचं, हे मी पुण्यात शिकले. गावात असल्या गोष्टी सगळ्यांना माहीत असत, बोलत कुणी नसे. पुण्यात त्यांना नावं होती, नियम होते. मुलाला शांत जागी विचारा, एकाच माणसाने विचारा, तेच तेच पुन्हा वदवून घेऊ नका. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, बस, एवढं घरी जाऊन सांगितलं की झालं. केवढी भाबडी होते मी.

पुढे लग्न झालं, पुण्याचीच झाले, आणि आता मी स्वतः प्रशिक्षण देते. पोलीस, शिक्षक, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका समोर बसतात. खरं सांगू? या प्रशिक्षणांची मला आताशा शिसारी येते. बॅनरवर मान्यवरांचे चेहरे परातीएवढे, आणि 'बाल संरक्षण' हे शब्द शोधावे लागतात. निम्मी सकाळ दीपप्रज्वलनात जाते. छळाच्या प्रकारांवर गटचर्चा दिली की मागच्या रांगेत खसखस पिकते. चहाला कुणीतरी हमखास जवळ येतो आणि म्हणतो, "मॅडम, आमच्याकडे असलं काही होत नाही." मग तो दुसरा समोसा उचलतो.

यंदा एक प्रशिक्षण बोईसरला निघालं आणि मी ते आपण होऊन मागून घेतलं. आपलाच तालुका, आईकडे राहणंही होईल, असा हिशेब. लग्नाचा हॉल होता. खिडकी उघडली की कारखान्यांचा वास, लावून घेतली की पाहुण्यांच्या अत्तराचा. आयोजक आमच्याच गावचे. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. गावातलं बारसं असो की मयत, हा माणूस पुढे असतोच. मला पाहून त्यांना खरोखर आनंद झाला. "आपली पोर मॅडम झाली," असं त्यांनी येईल त्याला सांगितलं, आणि तेव्हा मलाही बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुलाची ओळख जपण्याबद्दल बोलले. नाव, पाडा, शाळा, चेहरा, काहीही बाहेर जाता कामा नये. फोटो दाखवणं हा गुन्हा आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खाली उतरते न उतरते तोच भाऊंनी माईक घेतला. "आता आपन एका धाडसी मुलीचा सत्कार करनार हाय. ती आपल्याला दोन शब्द सांगेल."

मला याची काही कल्पना नव्हती. पडद्यामागून एक मुलगी पुढे आली, असेल अकरा-बारा वर्षांची. तिचं नाव मी लिहिणार नाही, पाडाही सांगणार नाही. नंतर तिच्या बापाकडून कळलं ते असं: आईबाप वीटभट्टीवर, आणि ही बोईसरमधल्या एका घरी कामाला ठेवलेली. तिथल्या मालकाने जे केलं त्याची केस कोर्टात आहे. आता ती एका आश्रमशाळेत शिकते. तिथे तिच्याबद्दल कुणाला काहीही माहीत नाही, आणि तेवढ्यावरच ती पुन्हा हसायखेळायला लागली आहे. अशा मुलीला मोठ्या माणसाच्या मापाची शाल पांघरली गेली. खालून मोबाइल वर झाले. पहिल्या रांगेतल्या पोलीस साहेबांचासुद्धा.

मी धावत वर गेले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ओरडले, "मोबाइल खाली ठेवा!" भाऊंनी माईकवर हात दाबला. "अगं, पोरीचा मान हाय. शालीला कोन नाय म्हनतं? तू घरची, आनि घरच्याच कार्यात असा तमाशा?" मी म्हटलं, "भाऊ, हा गुन्हा आहे. आत्ताच तर शिकवला." त्यांना ते ऐकूच गेलं नाही बहुतेक. सत्कार अर्धा राहू नये म्हणून त्यांनी तिच्या हातात नारळ दिलाच.

मी तिला जिन्यात नेलं. तिथे तिचा बाप उभा होता, धुतलेला सदरा घालून. "भाऊसायेब बोलले मान हाय, म्हनून आनली," तो म्हणाला. पोरगी माझ्याकडे बघत होती.

"बाई, माझा चुकला काय?"

"नाही गं. तुझं काहीच चुकलं नाही."

"मला पाठ हाय सगला. म्हनू?"

मी काही बोलायच्या आत ती ताठ उभी राहिली, हात जोडले आणि शाळेतल्या भाषणाच्या सुरात सुरू झाली, "सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर आणि माझ्या बंधू-भगिनींनो..." पुढच्या वाक्यात मालक आला. त्या शब्दाला तिने उजवा हात वर केला. कुणीतरी तो हावभावसुद्धा बसवून घेतला होता. मी तिला थांबवलं. जे एकदा, हळूच, एकाच माणसाने विचारायचं, ते या लोकांनी तिच्याकडून घोकून घेतलं होतं. मी तिच्या अंगावरची शाल काढून घेतली. तिला वाटलं, भाषण आवडलं नाही.

पालघरहून सातपाटीच्या रिक्षात बसले आणि गावच्या ग्रुपवर माझ्या सख्ख्या भावाने, दादाने, टाकलेला फोटो दिसला. खाली ओळ, 'आपल्या सातपाटीची लेक, बोईसर गाजवलं!' फोटोत मी, माझ्या पुढ्यात ती, शालीतून वर आलेला तिचा सगळा चेहरा. भाऊंच्या माणसाने तो दादाला पाठवला होता, कौतुकाने. खाली फुलं, टाळ्या, जोडलेले हात. आश्रमशाळेत कामाला जाणारी माणसं याच गावांतली. फोटो तिथे पोचायला कितीसा वेळ लागणार?

घरात पाऊल टाकताच मी दादाला फैलावर घेतलं. "अगं, तुझा फोटो म्हनून टाकला," तो म्हणाला. ग्रुपवरून तो गेला, पण लोकांनी आपापल्या मोबाइलात ठेवून घेतला होता. मग मी दादाला घेऊन घरोघर फिरले. प्रत्येक घरात पाणी, प्रत्येक घरात "किती छान दिसतेस!", आणि पुसा म्हटल्यावर उतरलेले चेहरे. का पुसायचा ते सांगता येत नव्हतं, कारण ते सांगणं म्हणजे तिच्याबद्दलच सांगणं. तेव्हा गावाने ठरवलं की पुण्याला जाऊन मला शिंगं फुटली. भाऊंनी तसा निरोपही पाठवला, यापुढे घरच्या कार्याला मॅडमना बोलवायचं नाही.

शेवटी आई. तिने दादाकडून तो फोटो मोबाइलच्या तोंडावरच लावून घेतला होता, उघडला की मी दिसावी म्हणून. "वर्साची एकदा येतेस तू," ती म्हणाली, "एवढा तरी राहू दे." मी नुसती मला कापून ठेवायचा प्रयत्न केला. जमेना, ती पोर अगदी माझ्या अंगाला लागून उभी होती. पुसून टाकला. आईने मोबाइल हातात घेतला, रिकामा पडदा पाहिला.

"ती पोर कोन व्हती गं?"

"कोणी नाही, आई."

आश्रमशाळेतून अजून तरी वाईट खबर आलेली नाही. अनोळखी नंबर वाजला की हातातलं काम टाकून उचलते. भाऊंनी भरवलेलं प्रशिक्षण यशस्वी झालं, अशी बातमीही आली म्हणे. सातपाटी अजून माझंच गाव आहे, कुणी विचारलं तर मी तेच नाव सांगते. पण आता मी माहेरपणाला म्हणून जात नाही. जाते, आईच्या हातचं जेवते, आणि जेवता जेवता तिच्या मोबाइलात तो फोटो परत आला नाही ना, आणखी कुणाकुणाची पोरं दिसतात, ते बघून घेते.