मागील दारच्या विहिरीचं पान

माझ्या बायकोच्या आत्यांइतकं पाहुण्यांचा मान राखणारं माणूस अख्ख्या मालवण तालुक्यात नसेल. जे आले त्यांचा तर सगळेच राखतात; आत्या न आलेल्यांचासुद्धा राखतात. तोंडवलीला त्यांच्या घरी पर्यटक उतरतात, आणि घराची वेबसाइट आहे. ती कोण कुठून बघतं हे मोजायला लोक एखाद्या मोठ्या कंपनीची फुकट सोय वापरतात. आत्यांना ते रुचलं नाही. "घरात इलेल्या पावण्याची खबर भायरच्याक कित्याक?" असं म्हणून त्यांनी साठीनंतर, व्हिडिओ बघत बघत, मोजणीचं एक खुलं सॉफ्टवेअर घरच्याच जुन्या कॉम्प्युटरवर बसवलं. खुलं म्हणजे त्याच्या आत काय चाललंय ते कुणालाही वाचता येतं. "जेवाण खंय रांधतत ता दिसता, थंयच मिया जेवतंय," हे त्यावरचं त्यांचं भाष्य.

तो कॉम्प्युटर भाताच्या कणगीशेजारी विणलेला रुमाल पांघरून बसलेला असतो. वीज गेली की इन्व्हर्टर आधी त्याला, मग पाहुण्यांच्या पंख्याला. सकाळी घावणे वाढताना आत्या बातम्या देतात: "जर्मनीतसून एक पावणो इलो. माशाच्या पानार थांबाक नाय. शाकाहारी आसतलो." यापलीकडे त्यांना काही कळत नाही, कारण बघणाऱ्याच्या इंटरनेटवरच्या पत्त्याचा शेवटचा भाग पुसून टाकायची सोय त्यांनी स्वतःच चालू केली आहे. देश दिसतो, फार तर शहर; माणूस दिसत नाही.

त्या साइटवर मागील दारच्या विहिरीचं एक पान आहे. पर्यटक तिकडे फिरकत नाहीत. पण मस्कतहून कुणीतरी ते रोज उघडतं. आत्यांचा एकुलता मुलगा मस्कतला असतो. आईने घर बंद करून आपल्याकडे यावं, या हट्टापायी रुसून त्याने फोन करणंच सोडलं आहे.

मला राहवेना. मी म्हटलं, "आत्या, ती पुसायची सोय बंद करू. उद्यापासून पुरा पत्ता दिसेल, तोच आहे का याचा अंदाज तरी येईल."

आत्या घावणा उलटत राहिल्या. "नको, जावयानू. तेका दारातसून येवचा आसात तेव्हा येयत. तवसर खिडकीतसून बघता तर बघूंदे. मिया पडदो कित्याक वडू?"

मला त्यांचा विलक्षण अभिमान वाटला आणि तितकंच वाईटही. तो दुसराच कुणी असला तर, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

दुपारी त्यांनी मला विहिरीवर बोलावलं. आजवर एकाही फोटोत उभ्या न राहिलेल्या आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून रहाटापाशी उभ्या होत्या. त्या पानावर आता हा फोटो लावायचा होता. मी मोबाइल वर धरला तेव्हा त्यांनी पदर जरा सैल केला.

"मिया जरा जाडी दिसान असो काढा," त्या म्हणाल्या. "नायतर तो काळजी करीत बसतलो."