स्ट्रेचर एकच होतं

पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपन्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या, तेव्हा माझी पलटण काश्मीरमध्ये होती. मी हवालदार, दहा जवानांच्या सेक्शनचा कमांडर. आमचा नर्सिंग असिस्टंट नाईक अनंत वडके कसबा पेठेतला, तांब्याची भांडी घडवणाऱ्याचा मुलगा. मी वारज्याचा.

"वारजे म्हणजे पुणं नव्हे, हवालदारसाहेब," तो म्हणायचा. "पुण्याच्या वाटेवरचं गाव."

शांत दिवसांत पोस्टखालच्या गावातले लोक त्याच्याकडे यायचे. कुणाचा हात भाजलेला, कुणाचं मूल तापाने फणफणलेलं. त्याने कुणालाही परत पाठवलं नाही.

एका सकाळी गावाच्या वरच्या अंगाच्या नाल्यात अतिरेकी आल्याची खबर मिळाली. आम्ही चढलो. चकमक झाली. एक जण मांडीत गोळी लागून पडला. मी त्याची रायफल काढून घेतली. वडके पुढे आला आणि त्याच्या मांडीला पट्टी आवळू लागला. वरच्या खडकामागे आणखी एक होता. तो आम्हाला दिसला नव्हता. त्याची गोळी वडकेच्या मानेत लागली.

दोन जवान घेऊन मी वळसा घातला. खडकामागचा तिथेच संपला. परत आलो तोवर वडके गेला होता.

रेडिओवर कंपनी कमांडर होते.

"रिपोर्ट द्या. ओव्हर."

"नाईक वडके गेला, साहेब. कैदी एक. जखमी, जिवंत. ओव्हर."

"कैद्याला जिवंत खाली आणा. आउट."

शिपाई जाधव म्हणाला, "स्ट्रेचर एकच आहे."

सगळे माझ्याकडे बघत होते. कैदीही बघत होता.

"कैदी स्ट्रेचरवर," मी म्हणालो. "वडके आपल्या खांद्यावर."

उतार निसरडा होता. जवान आळीपाळीने खांदा देत उतरले. कुणी स्ट्रेचर मुद्दाम आपटलं नाही. कुणी शिवी दिली नाही. त्या सेक्शनचा मी कमांडर होतो, याचा मला आजही अभिमान आहे.

निवृत्तीनंतर मी एका आयटी कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर झालो. तिथली प्राची ही अकोल्याची इंजिनिअर. चहा घेताना हे सगळं ऐकून ती म्हणाली, "काका, पण चांगलं-वाईट रिलेटिव्हच ना? त्या कैद्याच्या साइडने तुम्ही वाईट. आणि शत्रूच नसता, तर वडकेंचा चांगुलपणा कळला तरी असता का?"

"आपल्याला कदाचित कळला नसता. पण होता. गावातल्या पोरांचा ताप उतरवायचा, तेव्हा समोर शत्रू कुठे होता?"

"आणि त्याची साइड?"

"त्याच्या घरी मी वाईटच असेन. त्यावर माझं भांडण नाही. पण रक्त वाहणाऱ्या माणसाला पट्टी बांधणं कुठल्या बाजूने वाईट दिसतं, तेवढं सांग."

ती हळूच म्हणाली, "वडकेंच्या घरी कोण गेलं?"

"मीच."

मी गेलो तेव्हा तार आधीच पोचली होती. वडकेचे वडील दुकानात भांडं ठोकत बसले होते. मला पाहून त्यांनी हातोडा खाली ठेवला. मी घडलं ते सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं,

"अनंता ज्याला पट्टी बांधत होता, तो वाचला?"

"वाचला."

"मग हातातलं काम पुरं करून गेला माझा पोरगा."

मी उठलो. भिंतीवर अनंताचा वर्दीतला फोटो होता. हवालदार आपल्याहून खालच्या नाइकाला सॅल्यूट करत नाही. मी केला.