रिकामा पाळणा हलवू नये

आमच्या वरच्या मजल्यावर कुमुदताई राहतात. त्यांच्या शिलाई मशीनचा आवाज बरोबर माझ्या डोक्यावर येतो, त्यामुळे माझं विष्णुसहस्रनाम सध्या त्याच तालावर चालतं. आधी चीड यायची. आता मशीन थांबलं की वाटतं, वर काही बिनसलं की काय.

कुमुदताई मूळच्या हौशी. लोकमान्य नगरात कोणाकडे बाळ झालं की त्यांच्या हातचं दुपटं, टोपडं आणि मोहरीची उशी जायचीच. मोहरी सियागंजच्या बाजारातून आणायची, निवडायची, कडक उन्हात घालायची, आणि उशी अशी सैल भरायची की बाळाचं डोकं त्यात आपोआप गोल बसावं. कोणी काही देऊ केलं तर म्हणायच्या, "बाळाला एकदा दाखवायला आणा, झालं."

मग त्यांचे यजमान चिंतामणराव वीज मंडळातून रिटायर झाले. घरी बसलेल्या माणसाला काहीतरी ऑफिस लागतंच. त्यांनी बायकोच्या हौसेचं ऑफिस केलं. मोबाइलवर फोटो टाकू लागले, आणि विजय नगरच्या फ्लॅटमधल्या हिंदी सुनांच्या ऑर्डरी सुरू झाल्या. पाळण्याला आतून लावायचे मऊ लोड, वरून सोडलेली झालर, कापडी हत्तींचं चिमणाळं, खिडकीचे पडदे, लंगोट ठेवायची पिशवी, सगळं एकाच कापडाचं. याला नर्सरी सेट म्हणतात. फोनवर चिंतामणराव सांगायचे, "हमारी मैडम खुद बनाती हैं जी, एक-एक टांका." आणि मॅडम मागच्या जाळी लावून बंद केलेल्या गॅलरीत कापसाच्या तुसांत खोकत बसलेल्या.

"तुम्ही नाही का म्हणत नाही?" मी एकदा विचारलं.

"कशाला नाही म्हणू? ते काही ढीगभर मागत नाहीत. 'बस, ये एक' म्हणतात. एकाला कोण नाही म्हणेल?"

त्यांची एकुलती एक मिताली नागपूरला दिलीय. पहिलटकरीण. बाळंतपणाला माहेरीच यायची, पण सातव्या महिन्यात डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं. प्रवास बंद. तिला सासू नाही. तेव्हा कुमुदताईंनीच जायचं ठरलं. त्यांनी बॅगसुद्धा भरली. त्या बॅगेत बाळासाठी एक चिंधीही नव्हती. घरच्या बाळाचं आधी काही शिवून ठेवायचं नाही, ही आपली रीत. जन्म झाला की मग सुई धरायची. जगाच्या बाळांचं त्या रोज शिवत होत्या, फक्त आपल्याचं नाही.

"तिथे जाऊनच शिवीन," म्हणाल्या, "मितालीच्या उशाशी बसून."

जायच्या त्याच आठवड्यात चिंतामणरावांनी कुठून तरी एक लाकडी पाळणा आणला आणि गॅलरीत टांगला. पाळण्यात घालून फोटो काढला की सेट गिऱ्हाइकाला पटतो, असं त्यांचं म्हणणं. इथवर ठीक होतं. पण व्हिडिओ काढायचा म्हणून त्यांनी पाळण्याला झोका दिला.

कुमुदताई तशाच खाली धावत आल्या. "वसुंधरा, यांनी रिकामा पाळणा हलवला गं! पोर माझी आठव्यात आहे."

मागोमाग चिंतामणराव जिन्यात. "अरे भई, लाकूड आहे ते. इथे हलवलं तर नागपूरपर्यंत काय करंट जातो का?"

"मंडळातली भाषा मंडळात," कुमुदताई म्हणाल्या. "पाळणा खाली काढा."

"फोटो व्हायचेत अजून."

मला जे कळतं ते मी सांगितलं. "काढू नका, पण रिकामाही ठेवू नका. बाळकृष्ण निजवा त्यात."

दोघांनाही पटलं. देवघरातला पितळी रांगता बाळकृष्ण आम्ही दोघींनी त्या मऊ लोडांत निजवला, अंगावर पांघरूण घातलं, हळूच एक अंगाई म्हटली. मग कुमुदताईंनी माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा हसल्या. देव निजलाय, तिथे मशीनची खडखड कशी करणार? चपला, कात्र्या, उष्टे कप, काहीच चालायचं नाही. मी हे जरा मोठ्यानेच म्हटलं. चिंतामणराव नास्तिक नाहीत, नुसते घाईचे आहेत. त्यांनी चपला बाहेर काढल्या, हात जोडले. त्या दुपारी माझ्या डोक्यावर आवाज झाला नाही. म्हटलं, सुटल्या बाई.

पण हात जोडून झाल्यावर त्यांनी फोटो काढला होता. निळ्या झालरीखाली निजलेला बाळकृष्ण. खरंच गोड दिसत होता. त्यांनी तो टाकला आणि संध्याकाळपर्यंत फोन थांबेना. "अंकलजी, हमारे लड्डू गोपाल के लिए भी ऐसा सेट बनवा दो ना." घरोघरी गोपाळ आहेत इथे. त्यांच्या गाद्या, लोड, मच्छरदाण्या, तळहाताएवढ्या उशा. हिंदी लोकांचा श्रावण आपल्या पंधरा दिवस आधी लागतो, तो लागलेलाच होता, जन्माष्टमी तोंडावर. गॅलरीत देव, म्हणून मशीन बैठकीत आलं. आता घरी येणारा प्रत्येक माणूस कुमुदताईंना शिवताना बघायचा, वा वा करायचा आणि जाताना ऑर्डर देऊन जायचा.

"आता तरी नाही म्हणा," मी म्हटलं.

"देवाच्या अंथरुणाला? तूच सांग, कसं म्हणू?"



तिकीट पुढे ढकललं. मग आणखी पुढे. भरलेली बॅग भिंतीशी सरकली आणि तिच्यावर सॅटिनचे तागे रचले गेले. गाडीची वेळ निघून जायची तेव्हा कुमुदताई एकदा घड्याळाकडे बघायच्या आणि नवा दोरा ओवायच्या.

मिताली दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. मुलगी. दोघी सुखरूप. जावयांनी व्हिडिओ कॉल केला तेव्हा मी वरच होते. चिंतामणरावांच्या डोळ्यांना धार लागली, हे मला सांगितलंच पाहिजे. लगेच पेढे आणायला धावले. कुमुदताई फोन डोळ्यांशी नेऊन बघत होत्या. बाळ बाजारातल्या कडक दुपट्यात गुंडाळलेलं होतं.

"शिवण आतल्या बाजूला आलीय," त्या म्हणाल्या. "उलटं गुंडाळा हो. अंगाला लागतेय तिच्या."

पेढे घेऊन यजमान आले तेव्हा त्या ताग्यांखालून बॅग ओढत होत्या. "मी आज रात्रीच्या गाडीने निघते."

"निघ ना, मी कुठे अडवतोय?" चिंतामणराव अगदी मायेने म्हणाले. "फक्त लोकांचे गोपाळ अष्टमीला उघडे पडतील, तेवढं बघ. शब्द दिलाय आपण. आणि मिताली आता मोकळी झाली, काळजी कसली? अष्टमी झाली की दोघं जाऊ. बारसं असं दणक्यात करू की नागपूरवाले भिया बघत राहतील!"

कुमुदताईंनी बॅग सोडली. मग मला म्हणाल्या, "गोपाळांच्या उशांना तू हातशिलाई करशील का? मला एक दुपार हवीय."

मी उशा घेऊन बसले. त्यांनी कपाटातून आपली नेसून नेसून विरलेली महेश्वरी काढली, टर्रकन फाडली. दुपटी, कुंची, झबलं. सगळ्या शिवणी बाहेरच्या अंगाला. एरवी त्यांचं मशीन पळतं. त्या दुपारी ते चालत होतं, थांबत होतं, पुन्हा चालत होतं. शिवून झालेल्यावर त्या स्वतःचा गाल घासून बघायच्या.

"वा! झालं पण?" चिंतामणराव म्हणाले. "कुरिअरवाला येतोच आहे आपल्या पार्सलांसाठी. त्यातच घालू. दोन दिवसांत पोचेल."

कुमुदताईंनी घडी छातीशी धरली होती. हे मला माझ्या हाताने न्यायचंय, असं त्या बोलल्या नाहीत. चिंतामणरावांना ते कळलं नाही. पुडकं गेलं.

आज दुपारी मितालीचा फोन आला. मी उशांपाशीच बसलेले. ताईंनी फोन मशीनच्या फळीवर उभा ठेवला, पण हातातलं काम तसंच.

"आई, काय निवांत झोपलीये बघ. तुझ्या साडीचा वास ओळखते वाटतं. तू कधी येतेस?"

"येते गं राजा. अष्टमी होऊ दे."

"आवाज कसला येतोय? मशीनवर बसलीयेस?"

मच्छरदाणीची झालर सुईखाली अर्धी गेलेली, ताईंचा पाय पॅडलवर.

"छे गं. खाली वसुंधरामावशीकडे सुतार आलेत."

श्रावणात खोटं बोलायचं नाही आणि ऐकूनही घ्यायचं नाही, असा माझा नेम आहे. मी मान खाली घालून टाका घातला.

"ठोकू दे त्यांना," मिताली म्हणाली. "तू जरा पड आता."

"पडते," कुमुदताई म्हणाल्या, आणि झालर पूर्ण होईपर्यंत त्यांनी पाय उचलला नाही.