मुलांच्या यादीतला लॅपटॉप

शिल्पा मूळची सावद्याची. तिचे वडील चिंधा केळीचे ट्रक भरायचे. त्यांच्या एकूण एक सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग असत, कितीही धुतले तरी न जाणारे. त्या माणसाने पोरीला जळगावला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला घातलं आणि तीन वर्षं दर रविवारी डबा घेऊन एसटीने तिच्याकडे येत राहिला. पुढे लग्न होऊन शिल्पा धुळ्याला, देवपुरात आली. नवरा किरण एका कॉलेजात क्लार्क होता. घरात सासू, भागाबाई. मुलगी रूपा बालवाडीत जायला लागली तेव्हा शिल्पाला नोकरी मिळाली, तीही घरी बसून करायची: इंटरनेट पुरवणाऱ्या एका कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी फोनवर सोडवायच्या.

या कामात तिचा हात लवकर बसला. माणूस नुसता बोलायला लागला की दोष कुठे असेल याचा तिला अंदाज यायचा. एका म्हाताऱ्या गृहस्थांचं नेट महिनाभर रडतखडत चाललं होतं, दोन माणसं येऊन तपासून गेली होती. शिल्पाने एवढंच विचारलं, की राउटर ठेवलाय कुठे. तर फडताळात, स्टीलच्या डब्यांमागे. नवी वस्तू, कुणाची नजर लागायला नको. डबे हलवायला सांगितले आणि नेट सुरू झालं.

दोन वर्षांत तिच्या हाताखाली बारा जण आले. गल्लीतल्या कुणाचं वायफाय अडलं की लोक तिच्याच दारात यायचे. किरणला ओळखणारेसुद्धा आता "शिल्पा मॅडमचे मिस्टर" म्हणायला लागले. किरण हसायचा. त्या हसण्याकडे तेव्हा तिने नीट पाहिलं नाही.

दिवाळीनंतर तिच्या स्वतःच्या घरचं नेट तुटायला लागलं. ग्राहक बोलता बोलता मध्येच नाहीसा व्हायचा. पंधरा मिनिटांनी, कधी अर्ध्या तासाने सगळं आपोआप सुरळीत. लोकांना जे जे करायला सांगायची ते ते तिने केलं. राउटर बंद करून चालू केला, वायर बदलली, चॅनल बदलून पाहिला. राउटरवरचे दिवे मात्र सगळे हिरवे, आणि मोबाइलवर नेट चालू. म्हणजे दोष लॅपटॉपचा, असं तिने ठरवलं. कंपनीने दुसरा लॅपटॉप पाठवला. आठ दिवस तो सुरळीत चालला आणि नवव्या दिवशी पुन्हा तेच.

या सगळ्यात किरण तिच्या मदतीला होता. रविवारी स्टुलावर चढून त्याने राउटर बैठकीतून आतल्या खोलीत हलवला. वायरीला उंदराने दात लावलेत का, हे दोघांनी टॉर्च घेऊन गच्चीपर्यंत पाहिलं. राउटरच्या आतल्या सेटिंग उघडायला गेली तर पासवर्ड लागेना. मागच्या चिठ्ठीवरचाच असेल, मी कशाला बदलू, असं तो म्हणाला.

शुक्रवारी तीन वाजता तिची वरिष्ठांबरोबर बैठक असायची. ती मोबाइलवर उघडत नसे; कंपनीचाच लॅपटॉप आणि कंपनीकडे नोंदवलेली घरची लाइनच लागायची. सलग चार शुक्रवार ती बैठकीत दिसली नाही. पाचव्या आठवड्यात पत्र आलं. तिचं घरचं कनेक्शन भरवशाचं नाही, तेव्हा समाधानकारक खुलासा करावा, नाहीतर एक तारखेपासून पुण्याच्या कार्यालयात हजर व्हावं.

घरचं नेट केबलवाल्याकडून घेतलेलं होतं. त्याच दिवशी तिने केबलच्या ऑफिसात फोन करून सत्तारभाईंना बोलावून घेतलं. सत्तारभाई पन्नाशीचे. आधी घरोघरी टीव्ही दुरुस्त करायचे, आता केबलवाल्याकडे लाइनमन. त्यांनी मीटर लावून लाइन तपासली.

"ताई, लाइन झकास शे," ते म्हणाले. "आतमधी कोणी तरी हात लायेल शे."

चिठ्ठीवरचा पासवर्ड त्यांनाही लागला नाही. पण ऑपरेटरचा म्हणून एक वेगळा पासवर्ड असतो, तो त्यांच्याकडे होता. त्यांनी तिच्याच लॅपटॉपवर राउटर उघडला, बराच वेळ पाहिलं, मग लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि स्वतः दाराशी जाऊन उभे राहिले.

लहान मुलांनी फार वेळ नेट पाहू नये म्हणून राउटरमध्ये एक सोय असते. त्या सोयीत, मुलांच्या यादीत, शिल्पाचा लॅपटॉप होता. सोमवारी साडेअकरा ते पावणेबारा बंद. मंगळवारी पाच ते साडेपाच. बुधवारी वेगळी वेळ, गुरुवारी वेगळी. शुक्रवारी तीन ते चार, पूर्ण तास. हे सगळं कोणत्या मोबाइलवरून केलं तेही खाली लिहिलेलं होतं.

तिला आधी आठवला तो टॉर्चचा उजेड. मग तो रविवार: स्टुलावर चढलेल्या किरणला खालून धरून ती म्हणाली होती, सांभाळून हं.

संध्याकाळी तो आल्यावर तिने विचारलं. त्याने नाकारलं नाही. बूट काढता काढता म्हणाला, "घरात असून तू घरात नसायचीस."

"मग तसं सांगायचं होतंत."

"सांगून ऐकलं असतंस? आणि मी काय तुला मारलं का? नेटच तर बंद केलं."

भागाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "घर त्यानं शे. त्यानी बंद करं ते काय व्हयनं?" घर त्याचं, त्याने बंद केलं तर बिघडलं काय, असं त्यांचं म्हणणं.

खुलासा पाठवायला दोन दिवस उरले होते. खरं लिहिलं असतं तर नोकरी कदाचित वाचली असती. तिने तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. नवऱ्याने केलं, हे चार परक्या माणसांसमोर मांडायला ती धजेना. शेवटी तिने लिहिलं: घरातील तांत्रिक अडचण. ग्राहकाने असं मोघम काही सांगितलं की ती त्याला सोडायची नाही. नेमकं काय होतं ते सांगा, म्हणायची. कंपनीनेही तो खुलासा मानला नाही. रूपाला सोडून पुण्याला जाणं तिला शक्य नव्हतं. नोकरी गेली.

सत्तारभाईंनी आपल्या मालकाकडे शब्द टाकला. आता शिल्पा पाच कंदील चौकातल्या केबलच्या ऑफिसात तक्रारी लिहून घेते. हाताखाली कुणी नाही. किरणशी ती कामापुरतं बोलते: दूध, रूपाची फी, सासूच्या गोळ्या. झाल्या गोष्टीबद्दल त्याने कधी माफी मागितली नाही आणि तिनेही तो विषय पुन्हा काढला नाही.

मार्चमध्ये किरणच्या कॉलेजात महिला दिनाचा कार्यक्रम झाला. कर्मचाऱ्यांनी सपत्नीक यायचं होतं. किरणला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा तो दहा मिनिटं बोलला. "मी माझ्या पत्नीला कधीही अडवलं नाही," असं म्हणून त्याने दुसऱ्या रांगेकडे हात केला. टाळ्या पडल्या. रूपानेही वाजवल्या. मग गुलाब घ्यायला शिल्पाला मंचावर बोलावलं. ती गेली. फोटोसाठी त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि फोटो निघेपर्यंत ती समोर पाहत उभी राहिली.

तो फोटो त्याने सगळ्या नातेवाइकांना पाठवला, सावद्यालाही. दुसऱ्या दिवशी चिंधांचा फोन आला. असा जावई मिळायला नशीब लागतं, असं ते सांगत होते. शिल्पा म्हणाली, "हो ना, आबा," आणि त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी करायला लागली.