उभी राहिली की बंद पडते

गॅरेजमध्ये दिवसभर बसलं की किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. ते स्वतःच्या चाकांवर येतात, आणि निम्मे तर ढकलत आणलेले असतात!

आमचं गॅरेज सोमाटण्याला, जुन्या हायवेच्या कडेला. अब्बांनी सुरू केलं. सगळा मावळ त्यांना कासमभाई म्हणतो. मी नसरीन, त्यांची मुलगी. आयटीआयला मोटर मेकॅनिक केलं आणि तेव्हापासून त्यांच्या शेजारी उभी आहे. आमच्याकडे सगळ्या गाड्या येतात, पण नाव झालंय ते एकाच दुखण्यासाठी. चालताना गाडी उत्तम, सिग्नलला उभी राहिली की बंद! जुन्या गाडीचं हे ठरलेलं दुखणं. कारणं मोजून आठ-दहा. पण ती कोणत्या गाडीत, कुठे लपून बसतील याचा नेम नाही.

* * *

पहिला किस्सा मी नवी होते तेव्हाचा. अब्बा लग्नाला गेलेले, गॅरेजमध्ये मी एकटी. आंबीचे ज्ञानोबा आबा जुनी जीप घेऊन आले. दारातच ती आचका देऊन बंद पडली.

"कासमभाई कुटं हायेत?"

"बाहेरगावी गेलेत आबा. काय होतंय गाडीला?"

आबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चालती लय ग्वाड. उभी ऱ्हायली की मरती. पर ऱ्हाऊ दे, कासमभाई आल्यावर यीन."

"मरणारी गाडी घेऊन परत कशाला जाताय? नुसतं बघते. हात लावू का?"

ते नाइलाजाने "लाव" म्हणाले. बॉनेट उघडलं, ॲक्सिलरेटर जरा ओढून गाडी चालू ठेवली. कुठून तरी बारीक 'स्स्स' असा आवाज येत होता. इंजिनाकडे जाणारा एक रबरी पाइप टोकाशी चिरला होता आणि तिथून फुकटची हवा आत शिरत होती. गाडी वेगात असताना तेवढी हवा इंजिन पचवतं. आयडलिंगला, म्हणजे गाडी जागेवर उभी असताना, नाही. मी चिरेवर अंगठा दाबला आणि ॲक्सिलरेटर सोडला. थडथडणारं इंजिन एकदम शांत, एका लयीत!

मी अंगठा काढला, इंजिन मरायला लागलं. पुन्हा ठेवला, सुधारलं. आबा डोळे मोठे करून बघत होते.

"काढू नकोस पोरी, काढू नकोस!" ते ओरडले. "तशीच बस बॉनेटवर. आंबीपातूर जाऊ!"

नवा पाइप टाकून दिला. आता गाडी आणली की ते अब्बांना रामराम घालतात आणि म्हणतात, "तुमी बसा कासमभाई. अंगठेवालीला बोलवा."

* * *

तळेगावचे देशपांडे सर निवृत्त शिक्षक. त्यांनी गाडीबरोबर एक वहीच आणली. गाडी कुठे, कधी, किती वेळा बंद पडली, सगळी नोंद. लाल शाईने अधोरेखित!

"निरीक्षण असं आहे," सर म्हणाले, "की रिकाम्या रस्त्यावर ती उभी केली तर कधी कधी बंद पडत नाही. गर्दीत मात्र हमखास पडते. गाडीला गर्दीची भीती वाटते, असं तर म्हणता येणार नाही."

पेशंट इतकं नीट बोलायला लागला की डॉक्टरचं काम सोपं होतं. मी विचारलं, "सर, रिकाम्या रस्त्यावर तुम्ही गाडी कशी थांबवता?"

"आपोआप थांबू देतो. घाई काय?"

"आणि गर्दीत?"

"ब्रेक दाबून, अर्थात!"

मी गाडी जागेवरच चालू केली आणि ब्रेकचं पेडल दाबलं. इंजिन बंद! पुन्हा चालू केली, पुन्हा दाबलं, पुन्हा बंद. ब्रेक हलका लागावा म्हणून पेडलच्या पुढे एक बूस्टर असतो. त्याच्या आतला पडदा फाटला होता. ब्रेक दाबला की हवा त्यातून थेट इंजिनात, आणि इंजिन गप्प.

"म्हणजे ब्रेक मारला की बंद पडते!" सरांना उत्तर सापडल्याचा केवढा आनंद झाला. त्यांनी वही उघडून ते लिहूनही घेतलं.

सरांच्या पत्नी इतका वेळ मागच्या सीटवर पर्स छातीशी धरून बसल्या होत्या. त्या पहिल्यांदाच बोलल्या.

"तरीच! दोन महिने झाले, रस्ता रिकामा असला की हे ब्रेक मारतच नाहीयेत!"

* * *

रोहिदास म्हणजे स्वतःच्या हातावर भलता विश्वास असलेला माणूस. पॉलिहाऊसमधली गुलाबाची फुलं जुन्या पेट्रोल व्हॅनमधून मुंबईला पोचवतो. व्हॅन उभी राहिली की बंद पडायला लागली. आमच्याकडे यायला वेळ नव्हता, म्हणून त्याने मोबाइलवर व्हिडिओ बघून स्वतःच इंजिनाचा वेग वाढवणारा आयडलिंगचा स्क्रू पिळला. थोडा पिळला, बरं वाटलं. मग आणखी पिळला. बरं वाटतंय म्हटल्यावर आणखी!

दुसऱ्या दिवशी उर्सेच्या टोलला रांग होती. रोहिदासने पुढे सरकायला क्लच जरासा सोडला आणि व्हॅनने उडी मारली. पुढच्या चकाचक गाडीच्या बंपरला टेकली. त्या गाडीतून एक साहेब उतरले. रोहिदास म्हणतो, साहेबांचा चेहरा गुलाबांपेक्षा लाल! मागची दोन बंडलं काढून त्याने त्यांच्या बायकोच्या हातात दिली. बाई हसल्या, म्हणून साहेबांना हसावं लागलं, म्हणून प्रकरण मिटलं.

तिथून तो थेट आमच्याकडे. इंजिन असं बोंबलत होतं की मला आधी आवाज आला, व्हॅन मागून आली.

"ताई, बंद पडायचा प्रॉब्लेम मी स्वतः सोडवला. आता अजिबात बंद पडत न्हाई."

"मग आलास कशाला?"

"आता थांबत न्हाई!"

कार्ब्युरेटर उघडला. आयडलिंगला पेट्रोल देणारं बारीक भोक कचऱ्याने बुजलं होतं. पाच मिनिटांची साफसफाई. स्क्रू जागेवर आणायलाच जास्त वेळ लागला.

* * *

सगळे किस्से माझ्या शहाणपणाचेच सांगितले तर अब्बा मला घरात घेणार नाहीत. म्हणून हा एक.

लोणावळ्याची एक जुनी कार. ब्रेक मारून थांबली की बंद पडायची. मी म्हटलं, ही तर देशपांडे सरांचीच केस! मालकांना छातीठोकपणे सांगितलं, "बूस्टर. संध्याकाळी गाडी घेऊन जा."

बूस्टर तपासला. ठणठणीत. मग पाइप बघितले, ठीक. प्लग बदलले. फिल्टर बदलला. कार्ब्युरेटर खोलला, धुतला, बसवला. चक्कर मारायला निघाले, फाट्यावर ब्रेक मारला, गाडी बंद! दुपारचं जेवण राहिलं. अब्बा समोर खुर्चीत बसून पेपर वाचत होते. मी विचारत नव्हते, ते सांगत नव्हते. बापलेकीतलं हे जुनं भांडण आहे. कोण आधी बोलतंय बघू!

चार वाजता मी हरले. "अब्बा, बघा ना जरा."

ते उठले. बॉनेटकडे गेलेच नाहीत. मागच्या बाजूला जाऊन गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवली आणि कान लावला.

"पेट्रोल आहे का गं हिच्यात?"

"अर्धी टाकी आहे. काटा बघा ना."

"काटा सकाळपासून अर्ध्यावरच आहे. तू दिवसभर इंजिन चालवतेयस, तो हललाय का?"

काटा अडकलेला! टाकीत तळाशी घोटभर पेट्रोल. ब्रेक मारला की तेही पुढे पळायचं आणि इंजिन कोरडं पडायचं. अब्बा पुन्हा पेपर उघडून बसले. पान उलटता उलटता म्हणाले, "आयटीआयमध्ये पेट्रोल हा विषय ऑप्शनला असतो का?"

* * *

आता शेवटचा.

लोणावळ्याचे साठे काका रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाले तरी घड्याळ सुटलं नाही. दर गुरुवारी काकूंना गुडघ्याच्या व्यायामासाठी तळेगावला घेऊन यायचे, ठरलेल्या वेळेला निघायचे, ठरलेल्या वेळेला पोचायचे. पण कामशेतच्या अलीकडे गर्दीत थांबलं की त्यांची जुनी गाडी बंद पडायची, आणि दहा मिनिटं थंड झाल्याशिवाय चालूच व्हायची नाही.

"दहा मिनिटं!" काका मला म्हणाले. "दर गुरुवारी! मला हे चालणार नाही."

पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या गरम नळीला टेकला होता. गाडी थांबली की पाइपातच पेट्रोलची वाफ व्हायची. मी पाइप लांबून फिरवला, त्यावर वेष्टण चढवलं, जुना पंप बदलला. मग दोघांना बसवून कामशेतपर्यंत नेलं. भर गर्दीत मुद्दाम पाच मिनिटं उभी केली. गाडी बंद पडली नाही की कुरकुरली नाही. काका खूश! काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

"म्हणजे आता मध्ये कुठे थांबायला नको," त्या म्हणाल्या.

"नाही काकू, सरळ तळेगाव!"

"बरं," म्हणाल्या आणि काच वर केली.

दोन-तीन आठवड्यांनी एका गुरुवारी मी एका पार्टसाठी स्कूटरवरून लोणावळ्याला चालले होते. कामशेत ओलांडलं आणि बघते तर रस्त्याच्या कडेला तीच गाडी, बॉनेट उघडं! एवढ्या विश्वासाने दिलेलं काम, आणि म्हातारी माणसं पुन्हा रस्त्यावर! स्कूटर तशीच लावून धावत गेले.

जवळ गेल्यावर पाय थबकले. इंजिन चालू होतं. एका लयीत, शिवणयंत्रासारखं.

पलीकडे करंजाच्या सावलीत दोघं सतरंजी टाकून बसलेले. काकू हातवारे करत आपल्या शाळेच्या दिवसांतलं काहीतरी सांगत होत्या आणि काका इतके हसत होते की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. घड्याळाकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"काका, काय झालं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. चालू इंजिनाकडे पाहिलं. मग अगदी गंभीर आवाजात म्हणाले, "बंद पडलीय गं. दहा मिनिटं लागतील."

काकूंनी थर्मासचं झाकण उघडलं.

"जुनी गाडी आहे, चालायचंच. तू चहा घेतेस ना?"