सगळेच ‘हो’ म्हणाले

अलेडा हाव्हरकाटे आणि मी भिंतीला भिंत लागून राहत होतो. ट्वेंटेतल्या आमच्या डच गावात कापडगिरणी चालू होती, तेव्हा ती तिथे कापड तपासायची. रुळावरून कापड सरकत जाई आणि अलेडा त्यातली खोट शोधत उभी राही. गिरणी बंद पडली, नजर मात्र तशीच राहिली. बेकरीतला पाव ती उलटा करून बघायची. नवऱ्याच्या अंत्यविधीला एका दूरच्या चुलतदिराने भलामोठा हार पाठवला, तर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “ह्याला काय हवंय गं?”

म्हातारपणी तिला स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. तो कळला तेव्हा यकृतापर्यंत पोचला होता. डॉक्टर रोलिंक यांनी आता बरं होणं नाही, हे स्पष्ट सांगितलं. अलेडाने तितक्याच स्पष्टपणे शेवटचं इंजेक्शन मागितलं. आमच्याकडे कायद्याने ते मिळतं. माणसाने स्वतः मागायचं, एका परक्या डॉक्टरने येऊन त्याच्याशी एकांतात बोलायचं, मग नेहमीच्या डॉक्टरने घरी येऊन ते द्यायचं.

मला ते पटत नव्हतं. कॅथलिक नन्सच्या शाळेत आम्हाला शिकवलं होतं, की जीव आपल्या मालकीचा नसतो, तो आपल्याकडे ठेवायला दिलेला असतो. मी तिला तसं म्हणालेही.

“टोन्या,” ती म्हणाली, “ठेवायला दिलेली वस्तू इतकी कुजली, तर मालकाला बोलावून परत ने म्हणू नये?”

मला तिचा रागच आला.

खरं भांडण मुलीशी होईल, अशी अलेडाची अटकळ होती. हिल्डे उट्रेख्टहून आली, पलंगाच्या कडेला बसली आणि आईचा हात धरून म्हणाली, “आई, निर्णय तुझा. तू म्हणशील तसं.”

आमच्या लोकांत हे चांगलं वळण समजतात. आईबापांच्या मरणात मुलांनी स्वतःचं मत घुसवायचं नाही. अलेडाने स्वतःच मुलीला तसं वाढवलं होतं. पण हिल्डे कॉफी करायला उठताच तिने मला खुणेने जवळ बोलावलं.

“बघितलंस? एकदासुद्धा ‘नाही’ म्हणाली नाही.”

“तुला दुखवायचं नसेल तिला.”

“दुखवायचं नाही, की ताटकळायचं नाही?”

त्यानंतर तिला सगळीकडे तेच दिसायला लागलं. हिल्डेने चादरींचं कपाट आवरायला घेतलं. “मी अजून घरात आहे म्हणावं!” हिल्डे मागच्या अंगणात जाऊन फोनवर हळू बोलू लागली. “कुणाला सांगत असेल गं, कधी मोकळी होणार ते?” परका डॉक्टर आला, हिल्डेला बाहेर पाठवून तासभर बोलला आणि सगळं नीट आहे म्हणून गेला. “हाही हो म्हणाला! इतकं बिनखोट कापड मी जन्मात पाहिलं नाही.” फक्त फादर अडले. मरणाचा दिवस ठरवून बसलेल्या माणसाला मी मरणापूर्वीचं पवित्र तेल लावणार नाही, म्हणाले. “तो एकटाच मला थांबवू बघतोय,” अलेडा म्हणाली, “आणि तेही वरच्या साहेबासाठी. माझ्यासाठी नाही.”

हळूहळू मीसुद्धा हिल्डेकडे त्याच नजरेने बघू लागले. ती चादरी वाळत घालत होती, तेव्हा कुंपणाशी जाऊन विचारलंच, “आईने लवकर जावं असं वाटतं का तुला?”

“मावशी, असं विचारतात का कुणाला?” असं म्हणून ती रिकामी टोपली घेऊन आत गेली. ते काही उत्तर नव्हतं.

ठरल्या दिवशी दुपारी डॉक्टर रोलिंक आले. कॉफी ओतली गेली, बिस्किटांना कुणी हात लावला नाही. मी दाराशी उभी होते. डॉक्टर वाकून म्हणाले, “अलेडाबाई, तुमची इच्छा अजून तीच आहे ना?”

“आधी हिला विचारा.”

“निर्णय तुमचा आहे. त्यांचा नाही.”

“ठाऊक आहे. तरी विचारा.”

“आई, मी सांगितलंय ना,” हिल्डे म्हणाली, “तू म्हणशील—”

“ते पुराण नको. हो की नाही?”

हिल्डे इतक्या झटक्यात उठली की खुर्ची मागे पडली. “नाही! नकोय मला! आल्यापासून दात आवळून शहाणी मुलगी झालेय. तुझं कण्हणं ऐकवत नाही, अंगणात जाऊन फोनवर नवऱ्याजवळ रडते, तरी तू मला हवी आहेस! झालं समाधान?”

डॉक्टरांनी बॅग बंद केली.

“का हो?” अलेडा म्हणाली, “मी कुठे ‘नाही’ म्हणाले?”

“हो तरी कुठे म्हणालात?” डॉक्टर म्हणाले. “आज नाही.”

मग मायलेकींची जी भांडणं सुरू झाली, ती मला भिंतीतून ऐकू यायची. न दिलेल्या सायकलीवरून, जावयाच्या दाढीवरून, मधल्या कोरड्या वर्षांवरून. कधी दोघी हसायच्या. पण दुखणं वाढत होतं. मॉर्फीनचा अंमल उतरला, की हसण्याच्या जागी दुसरे आवाज येत.

पुढच्या आठवड्यात अलेडाने स्वतः डॉक्टरांना फोन केला. ते आले त्या दिवशी तिने हिल्डेचं मत विचारायला लावलं नाही. डॉक्टरांचा प्रश्न पुरा झाला आणि ती म्हणाली, “हो.” मला तिच्या स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू आलं. माझ्या हातात जपमाळ होती. मला ते पटलं नव्हतं, आणि घरीही जाववत नव्हतं.

सगळं झाल्यावर हिल्डे माझ्यासमोर येऊन बसली.

“मावशी, मी पहिल्याच दिवशी ‘नाही’ म्हणाले असते, तर थांबली असती का ती? की ‘नाही’ ऐकायला मिळालं, म्हणूनच गेली?”

“मला माहीत नाही गं.”

“खरं सांगतेस, की मला बरं वाटावं म्हणून?”

“बरं वाटावं म्हणून सांगायचं असतं, तर दुसरं काही सांगितलं असतं.”

तिला ते पटलं की नाही, कळलं नाही. कायद्याने नगरपालिकेचा डॉक्टर तपासून जाईपर्यंत अलेडाला हात लावायचा नव्हता. तोवर आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो.