जिन्याखालचा आबदारखाना

गेल्या महिन्यात ताईला घेऊन सिनेमाच्या दुपारच्या खेळाला गेलो. जुन्या काळातली प्रेमकथा. सरदाराची लेक, त्याच्याच पदरचा कारकून, आणि घराण्याच्या इभ्रतीपायी दोघांची ताटातूट. शेवटी तिचा मेणा दुसरीकडे निघतो आणि कारकून नदीकाठी नुसता उभा राहतो. मी, पन्नाशीचा बाप्या, ढसाढसा रडलो. ताई शांतपणे शेंगदाणे खात होती.

आम्हीही म्हणे सरदारच. कुण्या पिढीत पूर्वज फौजेबरोबर झाशीत आले, एवढंच भांडवल. आता सीपरी बाजारात तीन खोल्या आणि तोंडात निम्मी हिंदी. पण जिन्याखाली दोन माठ असत, त्या कोपऱ्याला आम्ही आबदारखाना म्हणायचो. घर बसलं तरी नाक वर.

वीस वर्षांपूर्वी ताईच्या मनात एक जण भरला होता. महाराष्ट्रातून इथल्या कारखान्यात आलेला इंजिनिअर. तो बोलणी करायला आला तेव्हा बाबा बाहेर गेले होते. ताई आत चहा करत होती. मी ऐटीत म्हटलं, "बैठिए, आबदारखान्यातून पाणी आणतो." तो खळखळून हसला. म्हणाला, "काय सुंदर शब्द जपलाय तुम्ही! आमच्याकडे कधीच गेला हो." त्याची मराठी कशी झुळझुळ, आणि माझी अडखळती. मला ते हसू झोंबलं. बाबा आल्यावर मी एवढंच सांगितलं, "वो हँसा, बाबा. आपल्या घराण्यावर हसला." त्याचं पुढचं कौतुकाचं वाक्य मी गिळलं. बाबांनी नकार कळवला. तो बदली घेऊन गेला आणि ताईने पुन्हा स्थळ बघू दिलं नाही.

खेळ सुटल्यावर ऑटोची वाट बघत मी सिनेमातल्या त्या बापाला शिव्या घालत होतो. ताईने रुमाल पुढे केला.

"बापाला काय बोलतोस? बाप बिचारा कानावर येईल त्यावर चालतो. चहा गाळताना मी सगळं ऐकलं होतं."

मी रुमाल घेतला. कसंबसं विचारलं, "मग तेव्हाच बाबांना का नाही सांगितलंस?"

"तू सांगशील म्हणून थांबले."

बाबा जाऊन सहा वर्षं झाली.

ऑटो येऊन थांबला. "कहाँ जाना है, भैया?" ऑटोवाल्याने विचारलं. घराचा पत्ता, तेवढंच मला सांगता आलं.